चौघी करवल्या, एकच साडी

ताई,

माझं वय ३३. सासर अमळनेरला, माहेर चोपडा तालुक्यात. आखाजीनंतर, मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे. लग्नाचा बस्ता बांधायला सगळे सुरतेला गेले, बाळ लहान म्हणून मी गेले नाही. तिथे आम्हा चौघी करवल्यांना रिसेप्शनसाठी एकसारख्या साड्या घेतल्या: गडद वाइन रंगाची ऑर्गेन्झा, बारीक जरीकाठ. साडी छानच आहे, पण नेसून आरशासमोर उभी राहिले आणि रडू आलं. दुसरं बाळ आठ महिन्यांचं होईल, दोन्ही सिझेरियन. पोट पुढे आलंय, छाती भरलीय, पाय मात्र लग्नाआधी होते तसेच बारीक. मोठी चुलतबहीण वर सडपातळ, खाली रुंद. तिची साडी निऱ्यांपाशी फुगते. आतेबहीण सरळसोट, बारीक. धाकटी चुलतबहीण कबड्डी खेळते, तिचे खांदे रुंद.

मी ऑनलाइन साडी शेपवेअर मागवलं, परकराऐवजी घालायचं, अंग दाबून धरणारं. मला एक्सएल लागतं, पण घट्ट असलं की पोट आत जाईल म्हणून एल घेतलं. अर्ध्या तासात दम लागला. वरची पट्टी गुंडाळून खाली येते आणि टाक्यांच्या जागी टोचतं. जाहिरातीत होतं की रोज घातलं तर पोटाचे इंच कमी होतात. लग्नाला दीड महिना आहे, रोज घालू का? साखरपुड्यात मावशी चारचौघांत म्हणाली, "माय वं, कितली जाडी व्हई गई तू!" नवरा म्हणतो, साडीच नको, ड्रेस घाल. मी काय करू?

– एक करवली, अमळनेर

करवलीताई,

ज्या प्रश्नात घाई आहे त्याचं उत्तर आधी. रोज घालू नका, आजपासूनच बंद करा. शेपवेअरने पोट कमी होत नाही. नायलॉन आणि स्पँडेक्सचं ते ताणलं जाणारं कापड अंग दाबून धरतं, मऊ भाग वर-खाली सरकवतं आणि काढलं की थोड्या वेळात सगळं जागच्या जागी येतं. जाहिरातीतले इंच हे कपडा अंगावर असताना मोजलेले इंच आहेत. तुम्हाला दम लागला, कारण बरगड्यांना आणि पोटाला फुलायला जागाच उरली नव्हती. असा दाब तासन्‌तास राहिला तर जेवणानंतर आंबट वर येतं. काही जणींना मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येतात, तिथली कातडी बधिर होते, कारण मांडीकडे जाणारी एक नस कमरेच्या हाडापाशी दाबली जाते.

तुमच्या बाबतीत मी जास्तच कडक बोलतेय, त्याला कारणं आहेत. टाक्यांची जागा बाहेरून भरलेली दिसली तरी तिच्या आसपासची कातडी कित्येक बायकांना पुष्कळ महिने हुळहुळी किंवा बधिर राहते. तिथे शेपवेअरची शिवण किंवा पट्टी घासत असेल तर ते सहन करायचं नाही. टोचतंय म्हणता, तर एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि शेपवेअर घालू का हेही त्यांनाच विचारा. बाळंतपणानंतर डॉक्टर कधीकधी पोटाला बांधायला पट्टा देतात. तो वेगळा, त्याचा हेतू वेगळा. तो दिला होता म्हणून हेही चालेल, असं नाही.

घरच्या घरी आणखी एक बघून घ्या. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा आणि डोकं नि खांदे थोडे उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला किंवा बोटं आत जातील अशी फट लागली, तर पोटाचे मधले स्नायू गरोदरपणात जे दोन बाजूंना सरकले ते अजून जुळलेले नाहीत असं समजायचं. असं पोट उपाशी राहून आत जात नाही आणि घट्ट पट्ट्याने ते स्नायू जुळतही नाहीत. फिजिओथेरपिस्ट त्यासाठी व्यायाम देतात. लग्नाच्या दिवसापर्यंत त्याचा फार फरक दिसणार नाही, पण सुरुवात करून ठेवा. पाठीवर झोपून सारखं वर उठायचे पोटाचे व्यायाम मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

तिसरं कारण दुधाचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बाळ आठ महिन्यांचं म्हणजे अजून पाजत असाल असं धरून चालते. छातीवर येणारं घट्ट काहीही, मग तो अंगभर बॉडीसूट असो की घट्ट ब्लाऊज, दूध तुंबायला आणि गाठ व्हायला निमित्त होतं. लग्नघरात पाजण्याच्या वेळा पुढे-मागे होतात, त्यात हे म्हणजे दुखणं विकत घेणं.

आता साडीकडे येते. तुम्हाला रडू आलं त्यात तुमच्या पोटाचा वाटा थोडा आणि ऑर्गेन्झाचा जास्त आहे. हे कापड घट्ट पीळ दिलेल्या बारीक धाग्यांचं, विरळ विणीचं, आणि मुळातच कडक. क्रेप किंवा जॉर्जेट अंगावरून ओघळतं. ऑर्गेन्झा जिथे दुमडाल तिथे उभी राहते. मूळ ऑर्गेन्झा रेशमाची, पण बाजारात मिळते त्यातली बहुतेक पॉलिस्टरची असते आणि ती जरा जास्तच ताठ असते. मॉडेलच्या अंगावर हीच हवा भरल्यासारखी दिसते म्हणून आवडते. पोटाशी, निऱ्यांशी तीच हवा आपल्याला नको असते. तुम्ही बस्त्याला गेला असतात तर क्रेपच्या बाजूने बोलला असतात, पण आता साड्या आल्यात आणि चौघींनी एकसारखं नेसायचं ठरलंय. तेव्हा साडी तीच ठेवू आणि तिच्याखालचं, तिच्यावरचं, तिच्या नेसण्यातलं सगळं प्रत्येकीचं वेगळं करू. फोटोत रंग आणि काठ एक दिसले की बास. चौघींच्या परकराची शिवण सारखी आहे का, हे बघायला कोणी येत नाही.

ऑर्गेन्झा पारदर्शक असते, आणि शेपवेअरच्या नादात हे राहूनच जातं. आत काय घातलंय, कुठे संपतंय, कोणत्या रंगाचं आहे, ते लाइटच्या झोतात दिसतं. मांडीच्या मध्यावर संपणाऱ्या त्वचेच्या रंगाच्या शॉर्ट्‌सची आडवी रेघ वाइन रंगाच्या साडीतून फोटोत उठून दिसेल. म्हणून आधी परकर बघायचा, मग बाकीचं.

आणि परकरावर आपल्याकडे कुणी पैसे घालत नाही. दोन हजारांची साडी घेतो आणि तिच्याखाली तोच नेहमीचा, नाडीपाशी चुण्या गोळा झालेला परकर घालतो. त्या चुण्या, नाडीची गाठ, वरून खोचलेल्या साडीचे दोन-तीन पदर, सगळं नेमकं पोटावर. तुम्ही तुमच्यासाठी सहा कळ्यांचा परकर शिवून घ्या, साडीच्याच रंगाचा, मऊ पॉपलिनचा. सॅटिन नको. ते चमकतं, पिन धरत नाही आणि घामाने पायाला चिकटतं. वर नाडीऐवजी चार बोटं रुंद सपाट पट्टा, डाव्या बाजूला चेन आणि दोन ठिकाणी हुक. पट्ट्याची पुढची बाजू सपाट, आणि मागच्या बाजूला हवं तर थोडं इलॅस्टिक. टाक्यांवर पट्ट्याची कड येणार नाही एवढी उंची शिंप्याला दाखवून सांगा. सिझेरियनचा टाका खाली असतो आणि तुमचा पट्टा बेंबीच्या रेषेत बसणार आहे, त्यामुळे हे जमतं.

नाडीचा विषय निघालाच आहे तर एक ऐकून ठेवा. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची नोंद बीएमजे केस रिपोर्ट्‌स या वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यातल्या एकीने परकराची नाडी आणि दुसरीने लुगडं वर्षानुवर्षं कमरेच्या एकाच रेषेवर करकचून बांधलं होतं. कातडी घासून जखम झाली, ती बरी होईना आणि पुढे त्या जागी कर्करोग निघाला. असं क्वचितच होतं, त्यामुळे घाबरायचं काही नाही. पण कमरेवर काळा पडलेला, खाज सुटणारा पट्टा आपल्याकडच्या किती तरी बायकांना असतो आणि 'साडी नेसणाऱ्या बाईला असायचाच' म्हणून सोडून दिला जातो. तुमच्या आईलाही रुंद पट्ट्याचे परकर शिवून द्या.

ब्लाऊजवर मात्र पैसे आणि वेळ दोन्ही घाला. तुमच्यासारख्या बांध्याला, म्हणजे छाती आणि पोट भरलेलं, हात-पाय बारीक, जे काही काम होतं ते निम्म्याहून जास्त ब्लाऊजच करतो. साडीबरोबरचा ऑर्गेन्झाचा ब्लाऊजपीस तुमच्यासाठी बाजूला ठेवा. तो शिवला की बाह्या ताठ उभ्या राहतात आणि अस्तर लावूनही बगलेत टोचतो. त्याच रंगाचं, शक्यतो अर्धी छटा गडद, मऊ कॉटन सिल्क घ्या. जळगावच्या फुले मार्केटमध्ये नाही तर धुळ्याच्या आग्रा रोडवर साडी हातात घेऊन जा आणि कापड दुकानाबाहेर उन्हात नेऊन जुळवा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली वाइन आणि मरून सारखेच दिसतात. ब्लाऊज साडीच्याच रंगाचा का, तर वेगळ्या रंगाचा ब्लाऊज छातीखाली आडवी रेघ मारतो आणि धड दोन तुकड्यांत दिसतं.

शिवायला सांगाल ते असं. भरलेल्या छातीला कटोरी ब्लाऊज, म्हणजे छातीला वाटीसारखा वेगळा भाग जोडलेला. लांब उभ्या शिवणीचा प्रिन्सेस कट नको. कटोरीने छाती उचलून धरायला जास्त आधार मिळतो. हुक पुढेच. पाठीमागे हुक किंवा चेन आणि आत पॅड अशी फॅशन आहे, पण पाजणाऱ्या बाईला ती शिक्षा आहे. उंची नेहमीपेक्षा इंच-दीड इंच जास्त, म्हणजे साडी आणि ब्लाऊज यांच्यामधली पोटाची पट्टी अरुंद होते. बाही कोपराच्या किंचित वर संपेल एवढी. दंडाच्या सगळ्यात जाड जागी संपणारी बाही दंड आहे त्याहून जाड दाखवते. गळा पुढून मोकळा, यू किंवा व्ही. बंद गळ्याने छाती आणि पोट मिळून एकच मोठा भाग दिसतो. मुंडा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, घट्ट नको. मुंडा घट्ट झाला की बगलेपाशी मांस बाहेर येतं आणि बाई स्वतःला जाड समजते. चूक मापाची असते.

माप द्यायला जाल तेव्हा बाळाला पाजून जाऊ नका, पाजायच्या आधीच्या वेळेला जा. छाती भरलेली असतानाचं माप खरं. आणि शिंप्याला दोन्ही बाजूंना आत दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायला सांगा. बाळ आता वरचं खायला लागलं असेल, दीड महिन्यात दूध कमी-जास्त होईल आणि मापही बदलेल. माया असली तर लग्नाच्या आठवड्यात अर्ध्या तासाचं काम. नसली तर नवा ब्लाऊज.

नेसण्यात दोन-तीन गोष्टींनी फरक पडतो. ज्या सँडल घालणार त्या आधी घाला आणि मगच नेसा. साडी बेंबीच्या रेषेत खोचा. पोट पुढे असताना फार खाली नेसलं की पोट साडीवर ओथंबतं आणि फार वर नेसलं की छातीखाली लगेच निऱ्या सुरू होतात. निऱ्या पाच-सहाच, पाच-पाच बोटांच्या, आणि नेसायच्या आधीच इस्त्रीने बसवलेल्या. ऑर्गेन्झाला इस्त्री अगदी मंद, मध्ये सुती रुमाल ठेवून. थेट गरम इस्त्री लागली तर पॉलिस्टर आकसतं आणि त्याला काही उपाय नसतो. आजकाल पार्लरमध्ये आदल्या दिवशी निऱ्या-पदर घालून, इस्त्री करून, घडी घालून डब्यात देतात. चौघींची एकदम द्या. निऱ्या खोचल्यावर पट्ट्याच्या चार बोटं खाली, आतून, निऱ्या एकत्र धरून परकराला एक पिन. मग फुगा पोटावर न येता खाली सुटतो. निऱ्यांची जागा बरोबर मध्ये न ठेवता दोन बोटं डावीकडे घ्या. पदर बारीक चुण्यांचा करून छातीवर दोरीसारखा ओढू नका, त्याने उजवीकडचं सगळं पोट उघडं पडतं. चार रुंद चुण्या, खांद्यावर एकच पिन, आणि काठाची कड उजव्या कमरेकडून तिरकी वर येऊ दे. पोटावरून एक तिरकी रेघ गेली की बघणाऱ्याची नजर त्या रेघेवरूनच जाते. पाजायचं असेल तेव्हाही असा पदर कामाला येतो.

एवढं करून तुम्हाला बहुधा शेपवेअरची गरज वाटणार नाही. तरी घालायचंच असेल, आणि डॉक्टर हो म्हणाले असतील, तर कशासाठी घालतोय ते नीट समजून घाला. स्पँक्स या शेपवेअर कंपनीची गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेत सारा ब्लेकली यांना पांढऱ्या पँटखाली घालायला काही मनासारखं मिळेना, म्हणून त्यांनी लांब स्टॉकिंगचे पावलांचे भाग कापून टाकले, आणि २००० साली त्यातूनच कंपनी उभी राहिली. वरच्या कपड्याची रेघ गुळगुळीत पडावी, एवढंच मूळ काम होतं. त्यापुढचं सगळं विकणाऱ्यांनी जोडलं.

तुमचं एल का गुंडाळतं ते आता कळेल. साडी शेपवेअर म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंतची, खाली मासोळीसारखी पसरणारी नळी. तुमचे हिप आणि पाय बारीक, त्यामुळे खालून ती बसते. वरची कड मात्र पोटाच्या गोलाईवर येते, आणि घट्ट कड नेहमी रुंद भागावरून अरुंद भागाकडे घसरते. एक्सएल घेतलं तरी ती घसरेल, जरा कमी. शिवाय बारीक पायांना चिकटणारं आणि वर पोट, असं दिसलं की पोट उलट जास्त भरतं. तुमच्यासाठी ही वस्तूच नव्हे. घ्यायचंच तर ब्रेसियरच्या खालच्या पट्टीपर्यंत येणाऱ्या उंच कमरेच्या, हलक्या दाबाच्या शॉर्ट्‌स घ्या, त्यावर तुमचा कळ्यांचा परकर. 'फर्म' किंवा 'टमी टक' लिहिलेलं नको, हाडं घातलेलं कोर्सेट तर अजिबात नको. माप संध्याकाळी जेवण झाल्यावर, श्वास सोडून सैल उभं राहून घ्या: पोट जिथे सगळ्यात पुढे तिथे एक, हिपवर सगळ्यात रुंद जागी एक. कंपनीचा तक्ता बघा, कारण एकीचं एल ते दुसरीचं एम असतं. दोन मापं दोन साइजमध्ये पडली तर मोठी घ्या. घरी घातल्यावर मांडी घालून बसा, वाका, पोटभर श्वास घ्या, पंधरा-वीस मिनिटं कामं करा. काढल्यावर लाल वळ बराच वेळ राहिले तर ती साइज तुमची नाही.

आणि घालायचं ते फक्त रिसेप्शनला, दिवस मावळल्यावर, तीन-चार तास. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो हे मी तुम्हाला काय सांगणार. नायलॉन घाम पीत नाही. दुपारच्या लग्नात पत्र्याच्या मंडपात ते घातलं तर कमरेला घामोळ्या, जांघेत बुरशी, हे ठरलेलं. त्याहून वाईट म्हणजे बायका काय करतात, तर शेपवेअर उतरवून परत चढवायचा कंटाळा म्हणून पाणीच पीत नाहीत. कार्यालयातली बाथरूम अरुंद, ओली, हातात साडीचा बोंगा, मला समजतं. पण या उन्हात दिवसभर पाणी न पिणं, लघवी अडवून धरणं, त्यात तुम्ही पाजणाऱ्या. चक्कर आणि लघवीची जळजळ घेऊन भावाची वरात बघायची का? शॉर्ट्‌सना खाली कापडी, उघडता येणारा भाग असेल तरच घ्या. धुवाल तेव्हा साध्या पाण्यात हाताने, वाळत सावलीत. ऊन आणि सॉफ्टनर दोन्ही स्पँडेक्सला मारतात.

हळद आणि लग्न, दोन्हीला यातलं काही नको. हळदीला तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला पटतं: पिवळा सुती ए-लाइन कुर्ता, पुढे बटणं, बाजूची कट कमरेपासून न सुरू होता हिपच्या खाली सुरू होणारी. जमिनीवर बसायचं असतं, हळद लावताना वाकायचं असतं, कोणी तरी अंगावर बादली ओततंच. लग्नाला माहेश्वरीसारखी हलकी साडी नेसा. नर्मदाकाठची, रेशीम आणि सूत मिळून विणलेली, अंगावर बसते पण चिकटत नाही. हातात कऱ्हा घेऊन भावामागे उभं राहायचं तर कापडाने साथ दिली पाहिजे. रिसेप्शनला मात्र साडीच. तिघी बहिणी वाइन रंगात आणि तुम्ही ड्रेसमध्ये कडेला, हा फोटो तुम्हाला आयुष्यभर बोचेल.

बहिणींचं पटकन सांगते. मासिकवाले बायकांच्या अंगाला फळांची नावं देतात. त्या हिशेबाने तुम्ही सफरचंद, मोठी बहीण पेअर, आणि आतेबहिणीला इंग्रजीत चक्क केळं म्हणतात, जे केळीच्या बागांच्या रावेर-यावलकडे कुणी ऐकलं तर दादच देईल.

मोठीची साडी फुगते ती परकराच्या चुण्यांमुळे. हिप रुंद, त्यावर चुण्या, त्यावर ऑर्गेन्झा. तिला हिपवर सपाट बसणारा, चुण्या नसलेला परकर हवा, आणि गंमत म्हणजे साडी शेपवेअर हे तिच्याच कामाचं आहे. दाबायला नाही, चुण्या टाळायला. तिचं हिपचं माप घ्या. ते तुमच्या एलच्या तक्त्यात आरामात बसत असेल तर धुऊन ते तिला देऊन टाका, कंबर सैल होईल ती शिवून घेता येते. बाजूला किंवा मागे चालायला कट आहे ना ते बघा, नाही तर स्टेजच्या पायऱ्या चढता येणार नाहीत. ब्लाऊजवर तिने हौस करावी: बोट नेक, बाहीवर काम, गळ्यात ठसठशीत काही. खांदे भरलेले दिसले की खालचं प्रमाण आपोआप जुळतं. पदर चुण्यांचा, काठ खांद्यावर दिसेल असा.

आतेबहिणीला ऑर्गेन्झा जन्मजात शोभते. तिने निऱ्या रुंद घ्याव्या, पदर मोकळा सोडावा, कंबरपट्टा बांधावा. आत काही नको.

कबड्डीवालीने फुग्याच्या बाह्या आणि बोट नेक सोडून काहीही घालावं. साध्या बाह्या, खोल व्ही गळा, पदराची पिन खांद्याच्या कडेला न लावता दोन बोटं मानेकडे, आणि निऱ्या सात-आठ, म्हणजे खाली घेर येतो. अर्थात तिला खांदे दाखवायचे असतील तर दाखवू द्या. कमावलेले आहेत.

मावशींना उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. रिसेप्शनला भेटल्या की बाळ त्यांच्या कडेवर द्या आणि फोटो काढायला निघून जा. पाजायच्या वेळेपर्यंत परत घ्यायला जाऊ नका.

एवढं एक लगेच करा. लग्नसराईत शिंपी एप्रिलच्या मध्यापासून नवे ब्लाऊज घेत नाहीत, घेतले तर हळदीच्या दिवशी देतात. कापड या आठवड्यात आणा, ब्लाऊज आणि परकर एकदमच टाका, आणि पहिल्या फिटिंगसाठी लग्नाच्या पंधरा दिवस आधीची तारीख लिहून घ्या. साडीला पिको-फॉल परकर आल्यावरच करा, सँडल घालून उंची बघून. फॉल मऊ सुती लावा, कडक फॉलने ऑर्गेन्झा खालून आणखी उभी राहते.